रोल कोणता घालावा?

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातील आमच्या शेजाऱ्यांचा नातू एक कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. मुलगा कॉलेजात शिकतो. खिशातल्या मोबाइलने दिवसाला शंभर फोटो काढतो. पण आजोबांच्या कपाटात त्याला जुना आग्फा क्लिक-३ सापडला आणि तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचेनासे झाले आहे. "काका, शटर वाजतंय, काच स्वच्छ आहे. आता एवढंच सांगा, रोल कोणता घालू?" असे त्याने विचारले. एका ओळीत उत्तर देण्यासारखा प्रश्न होता. मी मात्र त्याला तासभर बसवून घेतले, दोनदा चहा झाला, आणि तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले की उत्तर द्यायचे राहूनच गेले. ते आज येथे देतो, कारण प्रश्न त्या एका मुलाचा नाही. ज्या घरात जुना कॅमेरा आहे किंवा जुने फोटो आहेत, अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. आणि बडोद्यात असे घर नाही असे निदान मराठी माणसाला तरी म्हणता येणार नाही.

क्लिक-३ हा कॅमेरा आपल्याला परका नव्हे. आग्फाचे नाव जर्मन. पण हा कॅमेरा याच गावी, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे. एका रोलात बारा चौकोनी फोटो. सहलीला निघताना वडील तो गळ्यात अडकवीत, आणि बारा फोटो संपेपर्यंत सगळ्या घराने शिस्तीत वागायचे असे. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे रोल कोणता घालावा याचा विचार माणूस फोटो काढण्यापूर्वीच करी. हल्ली तो विचार कुणाला करावा लागत नाही, म्हणूनच तो थोडा उकलून सांगावासा वाटतो.

फिल्म म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात धरून ठेवलेले चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर त्या जागी काळी चांदी उरते. कण मोठे असले तर थोड्या उजेडातही काम भागते, पण चित्रात रवा दिसतो. कण बारीक असले तर चित्र रेशमासारखे येते, पण उजेड भरपूर लागतो. शंभरची फिल्म, चारशेची फिल्म असे आपण म्हणतो त्याचा अर्थ इतकाच. चारशेच्या फिल्मला शंभरच्या चौथाई उजेड पुरतो. लग्नमंडपात एक, माथेरानच्या उन्हात दुसरी, हा व्यवहार त्यातून आला. पण व्यवहार आणि आवड यांत अंतर असते, आणि छायाचित्रकारांच्या आवडीची गोष्ट ह्या हिशेबापाशी संपत नाही.

फिल्मला रंग कसे दिसतात हा दुसरा हिशेब. सुरुवातीच्या काचा आणि फिल्मा यांना निळा रंग तेवढा चांगला दिसे. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तिला हिरवा आणि पिवळाही दिसू लागला, पण तांबडा दिसत नसे. जो रंग दिसत नाही तो फोटोत काळा येतो. आपल्या पणजीच्या फोटोतले कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे काळे का, ओठ गडद का, आणि आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे का, याचे उत्तर इथे आहे. आपल्या गव्हाळ वर्णात तांबूस छटा असल्यामुळे ती फिल्म चेहरेही होते त्याहून सावळे करी. मग स्टुडिओतला रीटच करणारा बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर गालांना उजळपणा आणी. याचा एक फायदा मात्र होता: ही फिल्म तांबड्या दिव्यात डोळ्यांदेखत धुता येई. सर्व रंग पाहणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाल्यावर चेहरे सुधारले, आणि डार्करूममधला दिवा फिल्म धुताना विझवावा लागला. एक मिळते तेव्हा दुसरे द्यावे लागते, हा फिल्मच्या धंद्यातला पहिला नियम.

बडोद्याने हा धंदा फार लवकर पाहिला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन निघाले. तेथे दादासाहेब फाळके शिकले. प्राध्यापक गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे दादासाहेबांनी गोध्र्यात स्टुडिओ काढला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आपण सर्व जाणतो. परंतु त्या चित्रपटाची कच्ची फिल्म कडेला भोके पाडल्याशिवायच येई आणि ती भोके घरी, अंधारात, सरस्वतीबाई फाळके पाडीत असत, ही गोष्ट कमी जणांना माहीत असते. फिल्म हाताला कशी लागते, अंधारात तिची कुठली बाजू गुळगुळीत आणि कुठली किंचित खरखरीत, हे ज्या बाईच्या बोटांना कळत होते तिला या कलेच्या इतिहासात जागा असली पाहिजे.

आता आवडीकडे वळतो. कृष्णधवल फिल्मांत जगभरच्या छायाचित्रकारांनी सर्वांत अधिक जीव लावला तो कोडकच्या ट्राय-एक्सवर. ती रोलच्या रूपात १९५४ मध्ये आली, आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना जणू आणखी दोन तास उजेड मिळाला. संध्याकाळची सभा, दवाखान्यातला व्हरांडा, आगगाडीचा डबा, जिथे पूर्वी फ्लॅशचा बल्ब फोडल्याशिवाय काही येत नसे तिथे आता साध्या उजेडात फोटो येऊ लागले. तिचा रवा जाड होता हे खरे. पण तो रवाच लोकांना आवडू लागला, कारण त्यात घाईचा, प्रत्यक्षाचा भास होता. इंग्लंडच्या इलफर्ड कंपनीची एचपी मालिका ही तिची प्रतिस्पर्धी. तिच्यातली एचपी-५ १९७६ मध्ये निघाली. काहींना ती अधिक मऊ वाटते, सावल्यांत अधिक दाखवणारी वाटते. त्याच कंपनीची एफपी-४ ही १२५ ची फिल्म १९६८ ची. बारीक रवा, आणि उजेड मोजण्यात चूक झाली तरी पुष्कळ सांभाळून घेणारी. ह्या तिन्ही फिल्मा सुधारलेल्या रूपात आजही बनतात, हे सांगितल्यावर तो मुलगा थक्क झाला. त्याला वाटत होते की फिल्म ही संग्रहालयातली वस्तू झाली.

पण आपल्याकडच्या छायाचित्रकाराची आवड अशी मोकळी कधीच नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके परदेशी माल आयात परवान्यावर येई. जे दुकानात मिळे तेच आवडते मानावे लागे. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले, म्हणून वोल्फेन येथल्या कारखान्याची ओरवो फिल्म इकडे मुबलक येई. आपल्या सरकारने उटकमंडच्या थंड, निर्धूळ हवेत हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. त्याची स्थापना १९६० ची, उत्पादन १९६७ पासून. त्याच्या 'इंदू' या फिल्मवर माझ्या पिढीतील निम्मे लोक फोटो काढायला शिकले. इंदूला नावे ठेवणे ही तेव्हाची फॅशन होती. तीच नावे ठेवणारे लोक पुढे कारखाना आजारी पडून बंद झाल्यावर हळहळले.

गरजेतून युक्त्याही निघाल्या. शंभर फुटांचा डबा घ्यायचा, अंधारात हाताने फूट मोजून जुन्या काडतुसांत भरायचा; छत्तीस फोटोंचे सुमारे अठरा रोल होत. डी-७६ हा विख्यात डेव्हलपर तयार पाकिटातून घेण्याऐवजी घरी तोलून बनवायचा: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. माझ्या काकांना हे प्रमाण रामरक्षेसारखे पाठ होते. ते हौशी छायाचित्रकार, नोकरी कारकुनाची. त्यांनी आयुष्यभर एकाच वेगाची फिल्म वापरली. ती मिळेनाशी झाली की ते फोटो काढणे थांबवीत, पण दुसरी वापरीत नसत. आम्ही हसत असू. आज मला वाटते की त्यांचे बरोबर होते. एक फिल्म वीस वर्षे वापरली की डोळा तिच्यासारखा पाहू लागतो. समोरच्या भिंतीवरचे ऊन तिला कसे दिसेल, ओसरीतल्या सावलीतले काय उरेल आणि काय बुडेल, हे शटर दाबण्यापूर्वी कळते. गवई तंबोरा बदलत नाही त्यातलाच हा प्रकार आहे.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण ह्या गावाला तरी परके वाटू नये. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून देश त्यांना ओळखतो. त्या १९४२ पासून दिल्लीत काम करीत होत्या; १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आयुष्याची शेवटची वर्षे बडोद्यात काढली आणि येथेच १५ जानेवारी २०१२ रोजी वारल्या. आदल्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. त्यांचे नावाजलेले काम कृष्णधवल आहे, आणि तेही मोठ्या स्पीड ग्राफिक किंवा रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यांवरचे. स्पीड ग्राफिकमध्ये एका वेळी एकच फिल्म, एकाच फोटोची. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. अशा साधनांनी ज्या बाईने सत्तांतराची दिल्ली टिपली तिला पन्नासांतून एक निवडण्याची चैन नव्हती. निवड आधीच करावी लागे.

दुसरे उदाहरण ज्योती भट्ट यांचे. फाइन आर्ट्सचे हे चित्रकार-प्राध्यापक १९६७ च्या सुमारास गुजरातच्या लोककलांचे फोटो काढू लागले आणि पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतून हिंडले. भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातांवरचे गोंदण हे त्यांचे विषय. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. भिंत पुढल्या सणाला पुन्हा लिंपली जाते. ती रेघ उरली ती कृष्णधवल फिल्मवर. रंगीत विषयासाठी ही निवड उलटी वाटेल. पण रांगोळीचा प्राण तिच्या रेघेत असतो आणि रेघ पाहण्यात कृष्णधवल फिल्मचा हात धरणारे काही नाही.

मग रंगीत फिल्मचे काय? तिचा मी द्वेष्टा नाही. कोडाक्रोमचीच गोष्ट घ्या. ती शोधून काढली लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघा तरुणांनी, आणि दोघेही पेशाने वादक होते. १९३५ मध्ये ती चलच्चित्रांसाठी निघाली, १९३६ मध्ये साध्या कॅमेऱ्यांसाठी. मुळात ती एकावर एक थर दिलेली कृष्णधवल फिल्मच. रंग तिच्यात धुण्याच्या वेळी भरले जात. म्हणून ती घरी किंवा गल्लीतल्या स्टुडिओत धुणे अशक्य. शिवाय ती अतिशय मंद. उजेड मोजताना थोडे चुकले की स्लाइड गेली. इतके नखरे असूनही लोकांनी तिला डोक्यावर घेतले. जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२ ते १९९९) यांनी कोडाक्रोमवर गंगा, राजस्थान, मुंबई यांची छायाचित्रे काढली. पाश्चात्त्य जाणकार कृष्णधवललाच कला मानीत होते अशा काळात भारत रंगाशिवाय पाहताच येत नाही असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या चित्रांतला तांबडा पाहिला की त्यांच्याशी वाद घालण्याचे धैर्य होत नाही.

कोडकने कोडाक्रोम बंद करण्याची घोषणा २००९ मध्ये केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्‌करी यांना मिळाला. त्यांनी त्यातली काही चित्रे मुंबईत आणि राजस्थानात काढली. ती फिल्म धुणारी जगातली शेवटची जागा अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स या लहान गावी होती. २०१० संपता संपता तेथील कामही थांबले. ज्यांच्या घरी न धुतलेला कोडाक्रोम रोल पडून राहिला त्यांना त्यातले रंग आता मिळणार नाहीत.

बाकीच्यांची हजेरी थोडक्यात घेतो. फुजीची वेल्व्हिया १९९० मध्ये आली. पावसाळ्यातला सह्याद्री तिने जितका हिरवा दाखवला तितका तो स्वतःही नसेल; मात्र माणसाच्या चेहऱ्यावर ती रोखू नये, गाल उगाच लाल होतात. कोडकची पोर्ट्रा १९९८ ची. ती मुळी माणसांच्या त्वचेसाठीच बनवलेली, म्हणून लग्नाच्या छायाचित्रकारांची लाडकी. त्वचेवरून आठवले: रंगीत प्रिंटांचे रंग जुळवण्यासाठी कोडक प्रयोगशाळांना गोऱ्या तरुणीचे एक नमुनाचित्र देई, धंद्यात त्याला 'शर्ली' म्हणत. यंत्र त्या गोरीला बरोबर दाखवू लागले की काम झाले. सावळ्या आणि काळ्या माणसांच्या वाट्याला मग मातकट चेहरे येत, आणि लोक फोटोग्राफरला दोष देत. फिल्म तटस्थ असते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिलाही कुणीतरी पाहायला शिकवलेले असते.

काळी-पांढरी खरी की रंगीत खरी, हा वाद मात्र निरर्थक आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनामिक बाळाचा फोटो रघू राय यांनी कृष्णधवल फिल्मवर काढला, आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेसचा पहिला मान मिळाला. राय यांचे चित्र आजही भोपाळचे नाव निघताच डोळ्यांपुढे येते. एकच चेहरा, तीच माती. रंगीत चित्र पाहताना मला ती घटना आज घडते आहे असे वाटते. दुसरे पाहताना ती कधीच संपणार नाही असे वाटते. यांतले कुठले अधिक खरे, हे मला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येते त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

परंतु एक परीक्षक असा आहे की जो या दोहोंना सारखे गुण देत नाही. तो म्हणजे काळ. त्याचा निकाल मी माझ्या घरीच पाहिला आहे. माझ्या आईवडिलांचे लग्न १९५६ चे. फोटो काकांनी काढले, स्वतः धुतले. ताईचे लग्न १९७८ चे. त्या वेळी मी वीस वर्षांचा होतो आणि 'हल्ली काळे-पांढरे कोण काढतो' असे म्हणून रंगीत फोटोंचा हट्ट मीच धरला होता. काका काही बोलले नाहीत. गेल्या दिवाळीत ताई आली, तेव्हा दोन्ही आल्बम शेजारी शेजारी उघडले. आईच्या शालूच्या काठावरचे मोर मोजता येतात. ताईच्या आल्बममध्ये सगळे वऱ्हाड तांबूस धुक्यात उभे आहे. हिरवा चुडा पिवळट झाला आहे आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचे हसू शोधावे लागते. ताईने आल्बम मिटला आणि म्हणाली, "माझ्या लग्नाआधी आईचं लग्न झालं, हे फोटो बघून कुणाला खरं वाटेल का रे?" मला उत्तर सुचले नाही. हट्ट माझा होता.

यात जादू काही नाही. कृष्णधवल फोटोत चांदी असते, आणि नीट धुतलेली चांदी शंभर वर्षे सहज टिकते. रंगीत फोटोत शेवटी चांदी काढून टाकलेली असते. उरतात ते सेंद्रिय रंग. १९७० च्या दशकातल्या कागदांवरचा निळसर रंग अंधाऱ्या कपाटातदेखील उडून जाई. तो गेला की तांबडे-पिवळे मागे राहते. पुढच्या काळातले कागद पुष्कळ सुधारले, हेही सांगितले पाहिजे. आणि कृष्णधवललाही अमरत्वाचा पट्टा मिळालेला नाही. हायपो पाण्याने पुरता धुतला नसेल तर फोटो पिवळा पडतो. फिल्मच्या ॲसिटेटला दमटपणा लागला की ती व्हिनेगरसारखी आंबूस वास सोडते आणि वळते. आपल्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. काका मात्र प्रत्येक फिल्म वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेवीत, आणि नळाला पाणी नसले तर आडाचे ओढीत. त्या अर्ध्या तासाचे मोल कळायला मला चाळीस वर्षे लागली.

ताईच्या लग्नाच्या निगेटिव्ह असत्या तर काही तरी करता आले असते. बिघडलेल्या निगेटिव्हवरूनही आज संगणकाच्या मदतीने बरेच रंग परत मिळवता येतात. म्हणून मी त्या स्टुडिओच्या चौकशीला गेलो. त्या काळी निगेटिव्ह स्टुडिओतच ठेवण्याची पद्धत होती. पुन्हा प्रत हवी तर तिथेच जावे. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. मालकांच्या घरच्यांनी सरळपणे सांगितले की जागा रिकामी करताना सर्व डबे भंगारवाल्याला किलोवर दिले. कृष्णधवल निगेटिव्हमधून चांदी निघते म्हणून त्याने थोडे जास्त पैसेही दिले. त्यांना मी काय दोष देणार? तीन-चार हजार लोकांची लग्ने, मुंजी, पासपोर्टचे चेहरे, कुणाचे एकुलते एक छायाचित्र, हे सारे त्यांच्या लेखी अडगळ होती. कारण ती अडगळ नाही असे त्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीही नाही.

बडोद्याला आपल्या संग्रहांचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. राजा रविवर्म्यांची चित्रे आपण जपली, हस्तलिखिते जपली. पण गेल्या शतकातल्या साध्या बडोदेकराचा चेहरा कुठे जपला आहे? रावपुऱ्यातल्या, मांडवीच्या आसपासच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अजून काही डबे शिल्लक असतील. वाडीतल्या पेट्यांत, लोखंडी कपाटांच्या वरच्या खणांत असतील. ते विकण्यापूर्वी एकदा विद्यापीठाला, ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला विचारावे, आणि त्या संस्थांनीही 'जागा नाही' हे पहिले उत्तर देऊ नये. होमाईबाईंचा ठेवा दिल्लीच्या अल्काझी संग्रहात गेला म्हणून सुरक्षित राहिला. आपल्या गल्लीतल्या फोटोग्राफरला कोण अल्काझी भेटणार? त्याच्यासाठी गावालाच पुढे आले पाहिजे.

घरापुरते तर आजच करता येते. निगेटिव्ह प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांतून काढून साध्या कागदी पाकिटांत घालाव्यात. माळ्यावर फार तापते आणि न्हाणीघराशेजारी दमट असते; त्या दोन्ही जागा टाळून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. आंबूस वासाची फिल्म वेगळी काढावी. पाकिटावर साल, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावीत. मामांना ओळखणारे शेवटचे माणूस घरात आहे तोवरच हे काम होते. नंतर फोटो राहतो आणि मामा जातात.

असो. त्या मुलाचे उत्तर अजून बाकीच आहे.

बाळ, ज्याने तुला चारशेची रंगीत फिल्म सुचवली असेल त्याचे ऐकू नकोस. तुझ्या क्लिकला शटरची गती एकच, आणि ती सावकाश. भर उन्हात चारशेची फिल्म घातलीस तर उजेड तिला सोसणार नाही. शंभर किंवा एकशेपंचवीसची कृष्णधवल घे. ती थोडी जास्त उजेडाची चूक पोटात घालते. वर्षभर तीच वापर. पहिले दोन रोल वाया जातील. तिसऱ्यात सूरसागरचे पाणी तिला कसे दिसते ते कळेल. सहाव्यात आजीचा चेहरा सकाळी खिडकीपाशी काढावा की दुपारी ओसरीत, हे तुला कुणाला विचारावे लागणार नाही. त्या दिवशी ती तुझी आवडती फिल्म झाली असे समज, मग तिच्या डबीवर नाव कुणाचेही असो. रंगीत नंतर अवश्य घाल. आजीच्या नऊवारीचा रंगही कुणीतरी टिपून ठेवायला हवा.

आणि फिल्म स्वतः धू. शेवटी वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेव. बाकी कशात घाई केलीस तरी चालेल, त्या अर्ध्या तासात नको.